"शंभर लिहून टाक!"

गेल्या विकांताला परभणीला जाऊन आलो, मामाकडे. बरेच दिवस नुसतं "येतो, येतो" चाललं होतं आणि दर वेळी कुठलं तरी रिलीज आडवं येत होतं. या वेळी लॅपटॉप मुद्दाम पुण्यात ठेवला आणि रात्रीच्या गाडीत बसलो. "बनी तो बनी, नहीं तो परभणी" हे ऐकत लहानाचा मोठा झालेला माणूस मी. सकाळी स्टेशनावर उतरलं की अजूनही उगाचच बरं वाटतं.

मामीने सुशीला केला होता. (पुणेकरांसाठी: मुरमुऱ्यांचा असतो. हसू नका, खाऊन बघा.) दुसरी प्लेट घेतोय तोवर मामेबहीण एक जाडजूड फाईल घेऊन समोर येऊन बसली. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. कॉलेजचं नाव सांगत नाही, त्याने काही फरकही पडत नाही, अशी कॉलेजं नांदेडपासून नाशिकपर्यंत कुठेही सापडतील.

"दादा, तुझ्याकडं टेंपरेचर मोजायचं काही आहे का? मायक्रोवेव्हच्या आत चालंल असं?"

"कशाला गं?"

"एक कॉलम रिकामा राहिलाय माझा."

तिचा प्रोजेक्ट सोयाबीनवर आहे. आमच्याकडे खरिपात जिकडे बघाल तिकडे सोयाबीन, त्यामुळे विषय निवडण्यात काही चूक नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन इनहिबिटर नावाची प्रथिनं असतात. आपल्या पोटातलं जे एन्झाइम प्रथिनं पचवतं त्यालाच ती अडवून धरतात. म्हणून सोयाबीन कच्चं खायचं नाही, ते नीट तापवावं लागतं. कमी तापलं तर इनहिबिटर शिल्लक राहतो, फार तापलं तर चांगली प्रथिनंही बिघडतात. मधली जागा गाठायची. ती मायक्रोवेव्हमध्ये पटकन गाठता येते का, हा तिचा प्रश्न.

दीड वर्ष काम झालं. फाईलभर तक्ते. '४५० वॉट, ३ मिनिटं', '४५० वॉट, ४ मिनिटं', '६०० वॉट, २ मिनिटं'... आणि मग लॅबमधला जुना मायक्रोवेव्ह गेला. नवा आला, दुसऱ्या कंपनीचा. तेच वॉट, तीच मिनिटं, तेच दाणे, आणि निकाल काही केल्या जुळेनात. जुन्यात बरोबर भाजले जाणारे दाणे नव्यात मधूनच काळे पडायला लागले. वर सेमिनारमध्ये कुणीतरी विचारलं, "नमुन्याचं तापमान किती होतं?" तिच्याकडे उत्तर नव्हतं. गाईड म्हणाले, "पाणी शंभरला उकळतं, वाफ येत होती ना? मग शंभर लिहून टाक."

"मग लिहिलंस का?"

"नाही ना. म्हणून तर तुला विचारायलेय."

मंडळी, आजचा सगळा लेख या एका वाक्यासाठी आहे. मला त्या पोरीचं फार कौतुक वाटलं, आणि त्या 'लिहून टाक'चा तितकाच राग आला.

आधी त्या शंभरबद्दल बोलू. पहिली गोष्ट, परभणी समुद्रसपाटीपासून साधारण चारशे मीटरवर आहे. तिथे पाणी शंभरला उकळतच नाही, साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं. दुसरी, मायक्रोवेव्हमध्ये स्वच्छ गुळगुळीत भांड्यातलं पाणी न उकळता उत्कलनबिंदूच्या वर जाऊ शकतं, कारण बुडबुडा धरायला जागाच नसते. मग चमचा घातला की एकदम उसळतं. (कॉफीसाठी नुसतं पाणी तापवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, हात भाजतात.) प्रयोगशाळेतल्या द्रावकांचंही हेच होतं हे १९९२ सालीच छापून आलंय. आणि तिसरी, कोरड्या सोयाबीनच्या दाण्यात पाणी असतंच किती? दहा-बारा टक्के. ते निघून गेलं की दाण्याला शंभरावर रोखून धरणारं काही उरत नाही. तो काळा पडतो तो काय शंभरला पडतो होय? म्हणजे शंभर हा आकडा खालूनही चूक असू शकतो आणि वरूनही.

पण 'मग मोजायचं कसं' हा प्रश्न खरंच अवघड आहे, आणि तो आपल्याला अवघड वाटतच नाही ही खरी अडचण. आपल्या डोक्यात थर्मामीटर म्हणजे घातला आणि वाचला. मायक्रोवेव्हच्या आत २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी फिरत असतात. त्यात पाऱ्याचा थर्मामीटर घातला तर पारा धातू आहे. लाल रंगाचा, अल्कोहोलचा घातला तर अल्कोहोल स्वतःच लहरी शोषून तापतं, तुम्ही नमुन्याचं नाही, थर्मामीटरचंच तापमान वाचता. मल्टिमीटरसोबत मिळणारं थर्मोकपल म्हणजे दोन धातूंच्या तारा, आत गेल्या की अँटेना. ठिणग्या उडतात, टोक स्वतः तापतं, आजूबाजूचं क्षेत्रही बिघडतं. शिवाय तार बाहेर काढायला दारात फट ठेवलीत तर लहरीही बाहेर येणार. हा प्रयोग घरी करू नका. कुठेच करू नका.

मग उरते ती बंदूक. कोविडमध्ये प्रत्येक सोसायटीच्या गेटवर कपाळाला लावायचे तिची मोठी बहीण, इन्फ्रारेड थर्मामीटर. बहिणीने तीही करून पाहिली होती, बंद दारातून. आकडा आला चाळीसच्या आसपास आणि आत दाणे तडतडतायत! कारण त्या बंदुकीला जे उष्णतेचं प्रारण दिसतं त्यासाठी काच म्हणजे भिंत. तिने दाराचं तापमान मोजलं होतं. दार उघडून मोजलं तर फक्त वरचा थर दिसतो, तोही वाफ उडाल्यामुळे क्षणाक्षणाला गार होत असतो.

या कामासाठीच बनवलेली वस्तू आहे, फायबर ऑप्टिक थर्मामीटर. धातू नाही, नुसता काचेचा तंतू. एका प्रकारात टोकाला फॉस्फरचा ठिपका असतो. तंतूतून प्रकाशाचा झोत सोडला की तो चमकतो आणि विझत जातो, आणि जितकं गरम तितका लवकर विझतो. विझायला लागलेला वेळ मोजला की तापमान कळतं. दुसऱ्या प्रकारात गॅलियम आर्सेनाइडचा बारीक स्फटिक असतो, तो कुठल्या रंगापासून पुढचा प्रकाश गिळतो ते तापमानाप्रमाणे सरकतं. मला तर पहिली युक्ती जाम आवडली. तापमानासारखी निसटती गोष्ट घ्यायची आणि तिचा टाइमस्टॅम्प करून टाकायचा. पण किंमत? लाखांच्या घरात. जिथे मायक्रोवेव्हच घरगुती दुकानातून आणलाय तिथे हे कोण आणणार.

दुपारी जेवणं झाल्यावर मी मामीकडे उडदाचे पापड मागितले. मामीला वाटलं पोराचं पोट भरलं नाही. मायक्रोवेव्हमधली फिरती थाळी आणि तिच्याखालचं चाक काढलं, एक बशी पालथी घालून तिच्यावर पापड ठेवला आणि थोडा वेळ चालवला. बाहेर काढला तेव्हा पापड ठिपक्याठिपक्यांनी फुललेला, मधल्या जागा जशाच्या तशा कच्च्या. बहीण बघतच राहिली.

आतल्या लहरी भिंतींवर आपटून परत येतात आणि एकमेकींत मिसळून जागच्या जागी उभ्या राहतात. काही ठिकाणी जोर, काही ठिकाणी शून्य. लहरीची लांबी साधारण १२ सेंटिमीटर, म्हणून जोराच्या दोन जागा ढोबळमानाने ६ सेंटिमीटरवर. त्याची दुप्पट करून वारंवारितेने गुणलं की सेकंदाला २९ कोटी ४० लाख मीटर, म्हणजे जवळजवळ प्रकाशाचा वेग! पापडावर! (खरं सांगायचं तर आमचे ठिपके इतके सरळ नव्हते. खोका तीन दिशांना असतो, नक्षी गुंतागुंतीची येते. पण दोन-तीन जोड्या बऱ्या निघाल्या.) फिरती थाळी असते ती हे ठिपके सारवायला. तरी मधोमध ठेवलेला दाणा मधोमधच फिरतो.

म्हणजे बशीभर सोयाबीनचं 'तापमान' असा एक आकडा नसतोच. एक दाणा ऐंशीला, शेजारचा एकशेतीसला असू शकतो. आमच्या धंद्यात हे रोज चालतं. 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम २०० मिलिसेकंद' अशी स्लाईड दाखवायची आणि शंभरातल्या एका माणसासमोर चाक गरागरा फिरत राहतं. त्या एकाला तुमच्या ॲव्हरेजशी काय देणंघेणं? इथे तर ऐंशीवर राहिलेल्या दाण्यात इनहिबिटर शाबूत आहे.

आणि ते '४५० वॉट' हेही एक गोडबंगालच आहे. बहुतेक साध्या घरगुती मायक्रोवेव्हमध्ये अर्धी पॉवर म्हणजे पूर्ण पॉवर काही सेकंद चालू, काही सेकंद बंद. कान देऊन ऐकलंत तर घरघर बदलताना कळते. इन्व्हर्टरवाल्या मॉडेलमध्ये खरोखर पॉवर कमी होते. बटण तेच, आत घडतं ते वेगळं. त्यात आमचं व्होल्टेज. भारनियमनाचे ते जुने दिवस आता राहिले नाहीत, पण दुपारी पंप सुरू झाले की ट्यूबलाईट कशी लुकलुकते ते मामाच्या गल्लीत बसून बघावं. ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या मायक्रोवेव्हमध्ये व्होल्टेज पडलं की मॅग्नेट्रॉनही ढेपाळतो. बहिणीला विचारलं, जुन्या नोंदी सकाळच्या की दुपारच्या? म्हणाली, लॅब मिळंल तेव्हाच्या.

आता कुणी म्हणेल की एवढं काय त्यात, आपल्या आया वर्षानुवर्षं थर्मामीटरशिवाय स्वयंपाक करतायत. अगदी मान्य. पण मामीची रेसिपी मामीच्या स्वयंपाकघरापुरती असते, आणि पापड करपतोय हे बघायला ती तिथे उभी असते. प्रबंध लिहायचा तो दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या मायक्रोवेव्हवाल्या, तुम्हाला कधीही न भेटणाऱ्या माणसाला तेच करता यावं म्हणून. '४५० वॉट, ३ मिनिटं' म्हणजे "माझ्या मशीनवर तर चालतं"! हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा ऐकलंय तितक्या वेळा माझं स्वतःचं नावही ऐकलेलं नाही. :)

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही समजू नका. १९८६ साली दोन गटांनी घरगुती मायक्रोवेव्हमध्ये रासायनिक क्रिया भराभर होतात असे पेपर छापले आणि जगभर लाट आली. तासांचं काम मिनिटांत! मग कुणाकुणाला वाटायला लागलं की लहरींमध्ये उष्णतेपलीकडची काही खास जादू आहे. बरीच वर्षं वाद चालला. शेवटी ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठातल्या ऑलिव्हर काप्पे यांच्या गटाने एक साधी युक्ती केली. काचेच्या कुपीच्या जागी तशीच सिलिकॉन कार्बाइडची कुपी घेतली. ती लहरी स्वतःच शोषते, आत पोचते ती फक्त उष्णता. आतलं तापमान फायबर ऑप्टिकने मोजून दोन्ही कुप्यांमध्ये सारखं ठेवलं, आणि जवळजवळ सगळ्या क्रियांचे निकाल सारखेच आले. २००९ चं काम हे. जादू बरीचशी थर्मामीटरच्या जागेत होती. महागड्या मशीनमधला इन्फ्रारेड सेन्सर कुपीची बाहेरची भिंत बघतो, आणि मायक्रोवेव्हमध्ये माल आतून तापतो, भिंत मागे राहते. आत पुष्कळ जास्त गरम आणि कागदावर कमी. क्रिया भराभर होणारच की! लाखोंची यंत्रं असलेले लोक इथे फसले, तर आमच्या पोरीचा कॉलम रिकामा राहिला यात तिचा काय दोष. उलट रिकामा ठेवला हेच शहाणपण.

माझा आक्षेप आहे तो वेगळ्या ठिकाणी. २०१० साली प्राध्यापकांच्या बढतीसाठी पेपरांचे गुण मोजायची पद्धत आली, तेव्हापासून पेपरांचा पूर आलेला आपण सगळ्यांनी बघितलाय. मायक्रोवेव्ह त्यात सोयीचा. स्वस्त, झटपट, वर 'हरित' असं लेबलही लावता येतं. त्यातल्या किती पेपरांत तापमान कुठे, कशाने आणि कधी मोजलं ते लिहिलेलं असतं? मी रविवारभर जालावर चाळले तेवढ्यांत तर वॉट आणि मिनिटंच जास्त दिसली. तपासणाऱ्याने एक प्रश्न विचारला असता तर पुरे होतं.

गंमत म्हणजे हे सगळं त्या परभणीत, जिथे १९७२ साली कृषी विद्यापीठ उभं राहिलं आणि थंडीत पारा उतरला की तिथल्याच वेधशाळेचा आकडा राज्यभरच्या पेपरांत झळकतो. तो आकडा कुणी गच्चीवर थर्मामीटर टांगून काढत नाही. झडपांची पांढरी पेटी, जमिनीपासून साधारण चार फुटांवर, आत सावली, ठरलेल्या वेळी नोंद. हवेसारख्या हवेचं तापमान घ्यायला एवढे नियम, आणि माणसाच्या पोटात जाणाऱ्या दाण्यासाठी 'लिहून टाक'?

असो. राग बाजूला ठेवून आम्ही संध्याकाळी गच्चीत बसून जमेल तेवढं ठरवलं. लाखांचं यंत्र येणार नाही हे धरूनच.

आधी मायक्रोवेव्हलाच तपासायचं. एक लिटर पाणी, पूर्ण पॉवर, एक मिनिट, आधी आणि नंतर ढवळून तापमान. समजा दहा अंशांनी चढलं, तर ४१,८६० ज्यूल भागिले ६०, म्हणजे सुमारे ७०० वॉट प्रत्यक्ष पाण्यात गेले, खोक्यावर ८०० लिहिलेलं का असेना. हे रोज काम सुरू करायच्या आधी करायचं आणि शेजारी व्होल्टेज लिहायचं. दहा मिनिटांचं काम. जुनं मशीन आता हाताशी नाही, त्यामुळे जुने तक्ते याने वाचत नाहीत. ते तिला तसेच, 'तापमान मोजलेलं नाही' अशा टिपेसह द्यावे लागतील. हे सांगताना मलाच कसंतरी झालं. दीड वर्ष आहे ते.

नव्या नोंदींसाठी थर्मास. मायक्रोवेव्ह बंद झाला की दाणे लगेच तोंडाशी रुंद अशा, आधी गरम करून ठेवलेल्या थर्मासमध्ये ओतायचे, हलवायचे, आणि आता थर्मोकपल बिनधास्त घालायचं, लहरी बंद आहेत. दर तीस सेकंदांनी वाचायचं आणि उतरत्या रेषेला मागे ओढून शून्य सेकंदाला काय असेल ते काढायचं. हे सरासरी तापमान, कुठला दाणा किती तापला ते यात कळत नाही. तसं लिहायचं.

मग कुठला दाणा कच्चा राहिला ते कोण सांगणार? इथे मामेबहिणीनेच मला शिकवलं. सोयाबीनमध्ये युरिएज नावाचं एक एन्झाइम असतं, आणि ते साधारण ट्रिप्सिन इनहिबिटरच्याच बरोबरीने उष्णतेने मरतं. दाण्याचं पीठ युरियाच्या द्रावणात ३० अंशांवर अर्धा तास ठेवायचं आणि पीएच किती चढला ते बघायचं. कच्च्याचा दोनच्या आसपास चढतो, नीट तापलेल्याचा ०.०५ ते ०.२० मध्ये. पशुखाद्यवाले ही चाचणी कधीपासून वापरतात. पीएच मीटर कुठल्याही कॉलेजात असतो. बशीच्या मधले आणि कडेचे दाणे वेगवेगळे तपासले की झालं. म्हणजे दाणा स्वतःच आपला लॉग ठेवतो! मी एवढी वर्षं लॉगिंगवर पोट भरतोय आणि हे मला सुचलं नव्हतं.

"पण सरांना काय सांगू?" तिने विचारलं. "ते म्हणायलेत एवढं कोण वाचतंय."

याचं सोपं उत्तर माझ्याकडे नव्हतं. गाईडशी भांडून एम.एस्सी. होत नाही हे मलाही कळतं, आणि मी काय, रात्रीच्या गाडीने पुण्याला परतणार. शेवटी असं ठरलं की वाद घालायचा नाही, युरिएजचा तक्ता करून त्यांच्यापुढे ठेवायचा, मधल्या आणि कडेच्या दाण्यांचा शेजारी-शेजारी. ठिपक्यांचा पापड पण घेऊन जा म्हटलं.

तिने मग फाईल उघडली आणि त्या रिकाम्या कॉलमचं नाव खोडून नवीन लिहिलं: 'बंद केल्यानंतरचं सरासरी तापमान, थर्मासमध्ये, ढवळून'. चौकटीत मावेना, म्हणून दोन ओळीत लिहिलं.

मामी खालून ओरडत होती की डब्यातले पापड कुणी संपवले.